कॅथलिक चर्च घटस्फोट का मानत नाही, आणि विवाह 'शून्य' ठरवते म्हणजे नेमके काय करते

वसई, मुंबई किंवा गोव्यातील एखाद्या कॅथलिक स्त्रीच्या हातात कुटुंब न्यायालयाचा घटस्फोटाचा हुकूमनामा असतो, तरीही तिच्या धर्मग्रामाचे (पॅरिशचे) फादर तिचे दुसरे लग्न चर्चमध्ये लावून देण्यास असमर्थ असल्याचे सांगतात. दुसरीकडे एखाद्या पुरुषाचा विवाह चर्चच्या न्यायासनाने शून्य ठरवलेला असतो, तो निर्धास्तपणे दुसरे लग्न करतो आणि पुढे वारसाहक्काचा प्रश्न निघतो तेव्हा देशाच्या कायद्याच्या दृष्टीने हे दुसरे लग्न झालेलेच नव्हते, हे त्याला न्यायालयात कळते. या दोन्ही परिस्थितींमागे एकच गैरसमज आहे. घटस्फोट आणि विवाहाचे शून्यत्व ही एकाच गोष्टीची दोन नावे आहेत, एक सरकारी आणि एक धार्मिक, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. कॅथलिक चर्चची कुटुंबाविषयीची परंपरानिष्ठ भूमिका समजून घ्यायची असेल, तर या फरकापासूनच सुरुवात करावी लागते.

या भूमिकेचे मूळ शुभवर्तमानातील, म्हणजे बायबलमधील येशूच्या चरित्रातील, एका संवादात आहे. येशूच्या काळातील यहुदी समाजात पतीने पत्नीला सूटपत्र देऊन घराबाहेर काढण्याची मुभा होती, आणि ती मोशेच्या नियमशास्त्रावर आधारलेली होती. वाद होता तो कारणांचा. हिल्लेल यांच्या परंपरेतील शास्त्री क्षुल्लक कारणही पुरेसे मानत, अगदी पत्नीने जेवण बिघडवले तरी. शम्माय यांच्या परंपरेतील शास्त्री मात्र फक्त गंभीर नैतिक अपराधच ग्राह्य धरत. परूशी या यहुदी धर्मपंथाच्या लोकांनी येशूला याच वादात ओढण्याचा प्रयत्न केला. त्याने दोन्ही बाजूंना बगल दिली, तुमच्या अंतःकरणाच्या कठोरपणामुळे मोशेने ही सवलत दिली असे सांगितले आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील स्त्री-पुरुषांच्या 'एकदेह' होण्याचा दाखला देऊन म्हटले, 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये.' ज्या समाजात सोडून देण्याचा अधिकार जवळजवळ पूर्णपणे पुरुषाच्या हाती होता, तिथे हे वचन सर्वप्रथम स्त्रीच्या बाजूने उभे राहते. आज या शिकवणीकडे केवळ निर्बंध म्हणून पाहणाऱ्यांच्या नजरेतून ही बाजू निसटते, असे मला वाटते.

मार्कच्या शुभवर्तमानात हा नियम बिनशर्त आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात मात्र 'जारकर्माच्या कारणावाचून' असा अपवाद आढळतो, आणि ख्रिस्ती पंथांच्या वाटा इथेच वेगळ्या होतात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या या अपवादाचा सरळ अर्थ घेतात आणि व्यभिचार घडल्यास निर्दोष जोडीदाराला घटस्फोट व पुनर्विवाह यांची मोकळीक देतात. येशूचा प्रेषित पौल याच्या बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राचा आधार घेऊन त्यांतील अनेक जण कायमच्या त्यागाचे कारणही मान्य करतात. ऑर्थोडॉक्स चर्च पहिल्या विवाहालाच आदर्श मानते, पण मानवी दुर्बलतेची दखल घेऊन पश्चात्तापाच्या प्रार्थनांसह दुसऱ्या, आणि क्वचित तिसऱ्याही विवाहाला परवानगी देते. कॅथलिक चर्चच्या मते मत्तयमधील ते शब्द वेगळे राहण्याची मुभा देतात, नव्या विवाहाची नव्हे. त्यामुळे 'ख्रिस्ती धर्मात घटस्फोट नाही' हे सरसकट विधान चुकीचे आहे. ते कॅथलिक चर्चबाबत खरे आहे, आणि तेही दोन बाप्तिस्माप्राप्त व्यक्तींच्या, लग्नानंतर शारीरिक संबंधाने पूर्णत्वास गेलेल्या विवाहाबाबत. अशा विवाहाचे बंधन मृत्यूखेरीज कोणतीही मानवी सत्ता सोडवू शकत नाही, असे १९८३ च्या चर्च कायदासंहितेचे कलम ११४१ सांगते, आणि या मानवी सत्तेत पोपही येतात.

पण विवाह घडतो केव्हा आणि तो घडवतो कोण? कॅथलिक परंपरेत, विशेषतः आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या लॅटिन विधीत, वधू-वर हेच एकमेकांना विवाहसंस्कार देतात. धर्मगुरू चर्चच्या वतीने संमती विचारतो, ऐकतो आणि तिचा साक्षीदार होतो. त्या दोघांची मोकळी, जाणती संमती हाच विवाहाचा प्राण आहे, आणि कोणताही आईबाप, धर्मगुरू किंवा राजा ती त्यांच्या वतीने देऊ शकत नाही. मध्ययुगीन युरोपात या तत्त्वाचा परिणाम असा झाला की साक्षीदारांशिवाय, गुपचूप केलेले विवाहही वैध ठरत आणि नंतर एक जण सरळ नाकबूल होई. हा अनर्थ थांबवण्यासाठी ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदारांची उपस्थिती बंधनकारक केली. आज चर्चमधील लग्नाआधी होणाऱ्या घोषणा, कागदपत्रांची तपासणी आणि दोघांशी वेगवेगळे बोलून घेतलेले जबाब या साऱ्यांचा हेतू हाच आहे: संमती खरी आहे ना, एवढी खातरजमा करणे.

या मुद्द्यावरून शून्यत्वाचा विषय उलगडतो. घटस्फोट म्हणतो, विवाह होता आणि आता तो संपला. शून्यत्वाचा निर्णय म्हणतो, लग्नाच्या दिवशी वैध विवाह होण्यासाठी जे लागते त्यातले काहीतरी मुळातच नव्हते, म्हणून बंधन निर्माणच झाले नाही. जमिनीच्या व्यवहारात विकणाऱ्याच्या नावावर जमीनच नसेल तर खरेदीखत कितीही रीतसर नोंदवलेले असो, मालकी हस्तांतरित होत नाही. इथेही तसेच आहे. समारंभ झाला, फोटो निघाले, जेवणावळी उठल्या, वीस वर्षे संसारही झाला, तरी प्रश्न राहतो तो त्या दिवशीच्या संमतीचा. नंतरची भांडणे, व्यभिचार, व्यसन या गोष्टी स्वतः कारण ठरत नाहीत. त्या लग्नाच्या वेळच्या स्थितीवर प्रकाश टाकत असतील तरच पुरावा म्हणून उपयोगी पडतात.

कारणे कोणती? सक्ती किंवा गंभीर भीती हे एक. घरच्यांनी धमकावून, आत्महत्येची भीती घालून किंवा गरोदरपणाच्या लाजेपोटी लावलेले लग्न या कारणाखाली तपासले जाऊ शकते. दुसरे कारण फसवणुकीचे: संमती मिळवण्यासाठी जोडीदाराचा असा एखादा गुण मुद्दाम लपवणे, ज्यामुळे सहजीवन गंभीरपणे विस्कळीत होईल. वंध्यत्वाचे उदाहरण इथे बोलके आहे. वंध्यत्वामुळे विवाह अवैध होत नाही. पण ते ठाऊक असताना लग्न जमावे म्हणून हेतुपुरस्सर लपवले असेल, तर त्या फसवणुकीमुळे तो अवैध ठरू शकतो. मनात एक आणि तोंडी एक, हाही प्रकार असतो: शपथ घेताना मुले होऊ द्यायचीच नाहीत, एकनिष्ठ राहायचेच नाही किंवा जमले नाही तर सोडून द्यायचे असा पक्का निश्चय मनात असणे. आणि शेवटी कलम १०९५, ज्यावर सर्वाधिक वाद झाला आहे. पुरेशी विवेकशक्ती नसणे, विवाहाच्या हक्क-कर्तव्यांविषयी निर्णयक्षमतेचा गंभीर अभाव असणे, किंवा मानसिक कारणांमुळे विवाहाच्या मूलभूत जबाबदाऱ्या स्वीकारण्याची क्षमताच नसणे, या तीन गोष्टी त्यात येतात.

या कलमाचा आधार वाढत गेला तशी परंपरानिष्ठ कॅथलिकांची चिंताही वाढली. अमेरिकेत १९६० च्या दशकात वर्षाला काही शेकडो असलेली शून्यत्वाच्या निर्णयांची संख्या १९९० च्या दशकात पन्नास हजारांच्या पुढे गेली. चर्चने घटस्फोट मागच्या दाराने आत घेतला आहे, असा आरोप बाहेरून नव्हे तर आतूनच झाला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ मध्ये रोमच्या सर्वोच्च विवाह न्यायासनापुढे बोलताना यावर स्पष्ट रेषा आखली: विवाह अवैध होतो तो असमर्थतेमुळे, अडचणीमुळे नव्हे. अपरिपक्व असणे, तापट असणे, सासरच्यांच्या आहारी जाणे या अडचणी आहेत आणि त्या जवळजवळ प्रत्येक संसारात असतात. मला ही रेषा योग्य वाटते. ती पुसली तर कोणत्याही दुःखी संसाराला मागे वळून 'तो कधी झालाच नव्हता' असे म्हणता येईल, आणि मग सुखी संसाराच्या शपथेलाही काही वजन उरणार नाही.

प्रक्रिया धर्मप्रांताच्या, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेशाच्या, न्यायासनात चालते. अर्ज, दोन्ही पक्षांचे जबाब, साक्षीदार, गरज पडल्यास मानसतज्ज्ञाचा अहवाल आणि मग न्यायाधीशांचा निर्णय असा तिचा क्रम असतो. या खटल्यात बंधनरक्षक नावाचा एक अधिकारी असतो आणि विवाह वैध आहे याच्या बाजूने जे जे म्हणता येईल ते मांडणे हे त्याचे कर्तव्य असते, कारण कायद्याचे गृहीतक विवाहाच्या बाजूने आहे. शंका उरली तर विवाह वैधच मानला जातो. पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी १७४१ मध्ये घातलेल्या नियमानुसार शून्यत्वाचा निर्णय वरच्या न्यायासनाने पुन्हा तसाच दिल्याशिवाय लागू होत नसे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही दुसऱ्या निर्णयाची सक्ती काढली, दोन्ही पक्ष सहमत असून पुरावा उघड असेल अशा प्रकरणांसाठी बिशपांपुढची छोटी प्रक्रिया आणली आणि शक्य तिथे ही सेवा विनामूल्य असावी असे सुचवले. ८ डिसेंबर २०१५ पासून हे बदल लागू झाले.

शून्यत्वाच्या अर्जाला सर्वांत मोठा अडथळा पुष्कळदा कायद्याचा नसतो, आईच्या मनातील एका भीतीचा असतो: विवाह झालाच नव्हता असे ठरले तर मुले अनौरस ठरतील का? नाही. निदान एका जोडीदाराने प्रामाणिकपणे विवाह वैध मानला होता, अशा विवाहातील मुले औरसच आहेत, असे चर्च कायद्याचे कलम ११३७ सांगते, आणि नंतरचा शून्यत्वाचा निर्णय त्यांचे हे स्थान हिरावून घेत नाही.

याहून अधिक नुकसान करणारा एक समज आहे आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. 'घटस्फोट मान्य नाही' याचा अर्थ अनेक कुटुंबांत 'कितीही मार पडला तरी तिथेच राहा' असा लावला जातो. चर्चची शिकवण असे म्हणत नाही. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, मुलांना धोका असेल, सहजीवन असह्य झाले असेल, तर वेगळे राहण्याचा अधिकार चर्च कायद्याच्या कलम ११५३ मध्ये आहे, आणि उशीर केल्याने धोका वाढणार असेल तर कोणाच्या परवानगीची वाट न पाहता घर सोडता येते. त्यापुढे जाऊन, मुलांचा ताबा, पोटगी किंवा मालमत्तेचे संरक्षण मिळवण्याचा दुसरा मार्ग नसेल तर न्यायालयातून नागरी घटस्फोट घेण्यात नैतिक अपराध नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ नोंदवतो. ज्याला अन्यायाने सोडून दिले आहे आणि जो स्वतः शपथेशी प्रामाणिक राहिला आहे, त्याच्यात आणि ज्याने संसार मोडला त्याच्यात मोठा फरक आहे, असेही तोच ग्रंथ म्हणतो. घटस्फोट झाला पण पुनर्विवाह केला नाही, अशी व्यक्ती मिस्साला येऊ शकते, पापनिवेदन करू शकते, इतर कोणत्याही कॅथलिकाप्रमाणे ख्रिस्तशरीर (कम्युनियन) स्वीकारू शकते. तरीही केवळ घटस्फोटित म्हणून शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आणि कम्युनियनसाठी न उठणाऱ्या स्त्रिया आपल्या धर्मग्रामांत आहेत, कारण व्यासपीठावरून विवाहाच्या अभंगत्वाबद्दल जेवढे बोलले जाते त्याच्या पाव भागही वेगळे राहण्याच्या अधिकाराबद्दल बोलले जात नाही. शिकवण संपूर्ण सांगितली गेली पाहिजे. अर्धी सांगितलेली शिकवण दुर्बलाच्याच अंगावर पडते.

पुनर्विवाहितांचा प्रश्न याहून बिकट आहे. पहिला विवाह शून्य ठरलेला नसताना ज्यांनी नागरी पद्धतीने दुसरे लग्न केले, त्यांनी चर्चच्या जीवनात सहभागी व्हावे, पण नव्या जोडीदारासोबत भाऊ-बहिणीप्रमाणे संयमाने राहत नसतील तर ख्रिस्तशरीर घेऊ नये, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ मध्ये स्पष्ट केले होते. पोप फ्रान्सिस यांच्या २०१६ च्या कुटुंबविषयक पत्रातील एका तळटीपेने काही परिस्थितींत संस्कारांची मदतही मिळू शकते असे सुचवले, आणि चार कार्डिनलांनी लेखी शंका विचारून त्यावर स्पष्टीकरण मागितले. परंपरानिष्ठांचा मुद्दा समजण्यासारखा आहे: पहिले बंधन अजून अस्तित्वात आहे असे मानायचे आणि दुसऱ्या सहजीवनाला संस्काराची मान्यताही द्यायची, हे दोन्ही एकत्र कसे बसणार? दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की प्रत्येकाची सदोषता सारखी नसते आणि पाळकाने माणूस पाहून मार्ग दाखवला पाहिजे. हा वाद अजून मिटलेला नाही.

आता देशाच्या कायद्याकडे वळू. भारतातील ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा ब्रिटिशांनी १८६९ मध्ये केला. त्यात पतीला पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता, त्याग किंवा आणखी एखादा गंभीर अपराध सिद्ध करावा लागे. जिल्हा न्यायालयाचा निर्णय उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय पक्का होत नसे. ही विषमता स्वातंत्र्यानंतरही पन्नास वर्षे टिकली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये या भेदभावाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, केरळ उच्च न्यायालयाने १९९५ मध्येच तशी वाट दाखवली होती, आणि संसदेने २००१ मध्ये कायदा दुरुस्त करून स्त्री-पुरुषांना समान कारणे दिली व परस्पर संमतीच्या घटस्फोटाचे कलम १०अ आणले. मात्र हिंदू विवाह कायद्यात संमतीच्या घटस्फोटासाठी एक वर्ष वेगळे राहणे पुरेसे असताना ख्रिस्ती जोडप्यांसाठी ही अट दोन वर्षांची ठेवली गेली. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्षाची धरावी असे ठरवले.

चर्चचे न्यायासन आणि देशाचे न्यायालय यांच्यातील नाते सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाली काढले. चर्चच्या न्यायासनाने दिलेला शून्यत्वाचा निर्णय १८६९ च्या कायद्याखालील न्यायालयीन निर्णयाची जागा घेऊ शकत नाही, आणि त्याच्याच आधारावर केलेले दुसरे लग्न कायद्याने टिकत नाही. चर्चच्या निर्णयांना नागरी मान्यता द्यावी अशी मागणी करणारी जनहित याचिकाही २०१७ मध्ये याच न्यायालयाने फेटाळली. गोव्याचा इतिहास वेगळा आहे. पोर्तुगालने १९४० मध्ये व्हॅटिकनशी केलेल्या करारानंतर, १९४६ च्या हुकूमाने चर्चच्या न्यायासनाचा शून्यत्वाचा निर्णय उच्च न्यायालयामार्फत नागरी कायद्यातही अमलात आणण्याची वाट ठेवली. त्यामुळे गोव्यातील एखाद्या नातेवाइकाच्या अनुभवावरून वसईतील माणसाने निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

दोघांपैकी एकाचाच बाप्तिस्मा झालेला असेल तर चित्र पुन्हा बदलते. ख्रिस्ती न झालेल्या दोघांच्या विवाहानंतर एकाने बाप्तिस्मा घेतला आणि दुसरा त्यामुळे सोडून गेला, तर पहिले बंधन सुटू शकते, ही मुभा पौलाच्या पत्रातूनच आलेली आहे. एकोणिसाव्या शतकात धर्मांतरितांना सोडून जाणाऱ्या जोडीदारांचा प्रश्न इतका तीव्र होता की १८६६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पण पौल त्याच ठिकाणी असेही म्हणतो की जोडीदार राहायला तयार असेल तर त्याला सोडू नका. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या आणि पुढे दोघांचा संसार पुन्हा जुळला, हे मराठी वाचकाला ठाऊक आहेच. ते कॅथलिक नव्हते, पण पौलाच्या या वचनाचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

म्हणून मोडलेल्या संसारातून बाहेर पडून नव्याने विवाह करू इच्छिणाऱ्या महाराष्ट्रातील कॅथलिक व्यक्तीला दोन स्वतंत्र कामे करावी लागतात. नागरी न्यायालयातून घटस्फोटाचा किंवा शून्यत्वाचा हुकूमनामा मिळवायचा, आणि धर्मप्रांताच्या न्यायासनाकडे पहिल्या विवाहाच्या वैधतेची चौकशी मागायची. चर्चच्या न्यायासनात अर्ज करण्यासाठी दुसऱ्या पक्षाची संमती लागत नाही. त्याला कळवले जाते, त्याचे म्हणणे मागवले जाते, आणि तो आला नाही तरी चौकशी पुढे चालते. पहिल्या पायरीवर, म्हणजे प्राथमिक न्यायासनात, खटला एका वर्षापेक्षा अधिक लांबू नये अशी कायदासंहितेची अपेक्षा आहे. अर्जदार कॅथलिकच असला पाहिजे असेही नाही: ज्या हिंदू किंवा मुस्लिम व्यक्तीचा कॅथलिक जोडीदाराशी चर्चमध्ये विवाह झाला होता, तीही स्वतः अर्ज करू शकते. सुरुवात कुठून करायची हे ठाऊक नसेल तर आपल्या धर्मग्रामाच्या फादरांकडून न्यायासनाच्या कार्यालयाचा पत्ता घ्यावा आणि लग्नाचा दाखला, दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले व साखरपुड्यापासून घडलेल्या गोष्टींचे स्वतःच्या शब्दांतील टिपण सोबत न्यावे. या टिपणात लग्नाआधीच्या महिन्यांविषयी जितके तपशीलवार लिहिता येईल तितके लिहावे, कारण मुख्य प्रश्न लग्नाच्या वेळच्या संमतीचाच असतो.